खडूची ताई

धर्मपाल मागच्या बाकावर अवघडून बसला होता. बाक चौथीच्या मुलांचा, त्याचे गुडघे मावत नव्हते. समोर टेबलावर त्याच्या बायकोची दगडांची पेटी उघडी होती आणि त्यातला एकेक दगड दुसरीच बाई काढत होती.

पेटी परत न्यायला तो आला होता. सरिता जाऊन वर्ष होत आलं होतं. हिंदी मुलखात, ब्राह्मणपाऱ्यातल्या या मराठी शाळेत ती मुलांना दगड आणि खनिजं कवितेतून शिकवायची. कविता तिच्याच. कणीक मळता मळता ती ओळ जुळवायची आणि आधी धर्मपालला म्हणून दाखवायची. त्याला कवितेतलं काही कळत नव्हतं, पण सगळ्या पाठ होत्या. दगड त्यानेच आणलेले. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात तो नोकरीला होता. साहेबाला विचारून एखादा चांगला तुकडा खिशात घालून आणायचा.

आता सरिताच्या जागी देवश्री आली होती. नागपूरची, भूगर्भशास्त्र शिकलेली, वयाने निम्मी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तास सुरू आहे, संपेपर्यंत वर्गातच बसा. तो बसला आणि लगेच त्याला वाटलं, बाहेर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

मुलं देवश्रीला नुसती चिकटली होती. तिने लोखंडाचा दगड उचलला तसा सगळा वर्ग ओरडला:

‘वरून काळा, पोटात लाल,
घासून बघा, रंगेल गाल.’

देवश्रीने दगड खरंच फरशीच्या तुकड्यावर घासला आणि लाल झालेलं बोट पुढच्या पोरीच्या गालाला लावलं. मुलं हसून हसून बाकावर पडली. सरिता असं गालाला लावत नव्हती, असं धर्मपाल मनाशी म्हणाला. मग त्याला वाटलं, लावतही असेल. तिच्या वर्गात तो कधी आलाच नव्हता. हे त्याला जास्त लागलं.

सरिताचं नाव कोणी घेत नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या पिंकीने मान वळवून त्याला अभिमानाने सांगितलं, की हमारी मैडम को हर पत्थर की कविता आती है. तयार माल आयता मिळाल्यावर कोणालाही येईल, असं धर्मपालच्या मनात आलं. देवश्रीचा आवाज चांगला होता. तोही त्याला खुपला. शेवटी शेवटी सरिताला दोन ओळी म्हणतानाही दम लागायचा.

देवश्रीने चुनखडीचा तुकडा घेतला. खिळ्याने खरवडला, वर लिंबू पिळलं. पांढरा फेस आला. मुलांनी सुरू केलं:

‘लिंबू पिळा, मी फसफसते,
चुनखडी मी, अशीच हसते.
सिमेंटची मी लागते आई,
खडूशी माझं नातंच नाही.’

धर्मपाल उभा राहिला. बाक करकरला.

‘चुकलं,’ तो म्हणाला. ‘फळ्यावरच्या खडूची ताई, असं हाय ते. माह्या बायकोची कविता हाय. तिची ओळ बदलवाचा हक्क तुमाले कोणं देला?’

पिंकीने हळूच सांगितलं, ‘दादाजी, क्लास में पहले हाथ उठाते हैं.’

देवश्री चिडली नाही. तिने फळ्याजवळचा खडू घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. फेस आला नाही. हल्लीचा खडू चुनखडीचा नसतो, जिप्समचा असतो, असं तिने सांगितलं. सरिता दवाखान्यात होती तेव्हा देवश्री दुपारी तिच्याकडे कविता शिकायला जायची, हेही तिने आत्ताच सांगितलं. तिथे तिने भीत भीत ही चूक दाखवली होती. दुसऱ्या दिवशी सरिताने नवी ओळ दिली.

‘ती ओळ मॅडमचीच आहे, काका,’ देवश्री म्हणाली.

धर्मपालने मान हलवली. हे शक्य नव्हतं. संध्याकाळ झाली की तो स्वतः सरिताच्या खाटेशी असायचा. ती थकलेली असायची, म्हणून तोच तिला तिच्या कविता म्हणून दाखवायचा. चुनखडीची तर हमखास. खडूची ताई म्हटलं की ती डोळे मिटून मान डोलवायची. तिने एकदाही टोकलं नव्हतं.

‘मले सांगितलं असतं तिनं,’ तो म्हणाला.

देवश्रीने हात पुसले. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, ‘मी विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, ते रोज इतक्या मनापासून म्हणतात. त्यांच्या तोंडी ताईच राहू दे.’

धर्मपाल बाकांच्या मधून पुढे गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सरिताची नवी ओळ त्याच्याआधी दुसऱ्या कोणी ऐकली होती, आणि ती ऐकणारी समोर उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तो चुनखडीच्या तुकड्याकडे बघत राहिला. फेस बसला होता.

देवश्रीने सगळे दगड पेटीत ठेवले, झाकण लावलं आणि पेटी त्याच्याकडे सरकवली. तुमचीच आहे, घेऊन जा, असं ती म्हणाली. मुलं श्वास रोखून बघत होती.

त्याने झाकण पुन्हा उघडलं.

‘आणखी काय काय बदलवलं तिनं, ते सांगा,’ तो म्हणाला. ‘पण पहिले मले. पोट्ट्यायले मंग.’