खांडेनवमीचा पाना

भिलाईच्या क्वार्टरमध्ये खांडेनवमीला श्यामरावांनी पाटावर आपला फिटरचा पाना, हातोडा आणि छिन्नी मांडली. मुलानं कमरेचा गावठी कट्टा काढून शेजारी ठेवला. “यालेही कुंकू लावा, बाबा. कारखान्याच्या भट्टीत सात मजूर जळाले, कोणाले सजा झाली? पार्टीचा हुकूम आहे, आज मालकाले उडवतो. रक्ताशिवाय क्रांती होत नाही.” “मारून काही बदलत नाही,” श्यामरावांनी नेहमीचं उत्तर दिलं आणि तरीही कट्ट्याला कुंकू लावलं. म्हातारा आपल्या बाजूला वळला असं मुलाला वाटलं, तेवढ्यात श्यामराव म्हणाले, “पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नसते. तीस वर्षांत मी उचललं नाही.” “या थोतांडापायीच तुमी गुलाम राहिले,” म्हणत मुलानं कट्ट्याकडे हात नेला. श्यामरावांनी पाना उचलून त्याच्या मनगटावर हाणला. मोडलेलं मनगट छातीशी धरून मुलगा म्हणाला, “मंग बाबा? मारूनच थांबवलं ना मले?”