गावची खोली

क्षयाचे पाच रुग्ण, आणि पाचही धामणेकोंडचे. कोकणातलं चाळीस उंबऱ्यांचं गाव ते. ठाण्यातल्या मानपाड्याच्या दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या देणाऱ्या हेमांगीला हे काही पटेना. डॉक्टर म्हणाले, "गावातच पसरला असणार. तिकडे कळवा." तिने तिथल्या आशाताईंना फोन लावला, तर त्या वैतागल्याच. "आमच्याकडे दोन वर्षांत एक पेशंट नाही हो. उगाच गावाला बट्टा लावू नका."

हेमांगीला एखादं कोडं पडलं की ते सुटेपर्यंत जेवण गोड लागत नसे. पाचवा रुग्ण दौलत गोळ्या न्यायला आला, तेव्हा तिने त्याला बसवूनच घेतलं.

"दौलतदादा, गावी शेवटचे कधी गेलेलात?"

"शिमग्याला. चार दिवस."

"आणि बाकी वर्षभर?"

"इथेच की. खोलीवर."

"कुणाच्या?"

"गावच्या." बाईंना एवढंही माहीत नाही, याचं दौलतला नवल वाटलं. "गावची खोली आहे ना, कंपनीच्या मागे. गावचा कोणी आला की तिथेच उतरतो. तेरा जण आहोत. तुमचे ते चौघे पेशंटही तिथलेच."

हेमांगीने पाचही कार्डं पुढे ओढली. 'कुठले तुम्ही?' असं तिनेच प्रत्येकाला विचारलं होतं, आणि प्रत्येकाने खरं तेच सांगितलं होतं. तिला कुणी विचारलं असतं, तर जन्म नौपाड्यात काढूनही ती देवरूखच म्हणाली असती. तिला स्वतःचाच राग आला.

"खोलीला खिडकी आहे?"

"आहे, पण बंद. तिथे देव बसवलाय. वाऱ्याने दिवा विझतो." दौलत उठला. "निघतो बाई. सोमवारी धाकटा भाऊ येतोय, कंपनीत लागलाय. माझ्या बाजूलाच अंथरूण टाकेल, तेवढी जागा करायचीय."

हेमांगीने त्याला हाताने थांबवलं.

"बसा," ती म्हणाली. "आजार गावाहून आलेला नाही, दादा. खोलीतच आहे. मी संध्याकाळी येते, सगळ्यांना तपासू. आणि ती खिडकी उघडल्याशिवाय भावाला तिथे झोपवू नका."

दौलत पुन्हा खुर्चीवर टेकला.

"गावात नाही म्हणता?"

"नाही."

त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग पुन्हा पडला. "पण देवाला आपल्या मनाने हलवता येत नाही, बाई."

दौलतने खिशातून मोबाइल काढून भावाला फोन लावला.

"धाकू, सोमवारी निघू नको, थांब जरा. आधी देवळात जा आणि कौल लाव. देवाला विचार, मुंबईतली खिडकी सोडतोस काय म्हणून."