निळ्या गाडीचा डाव

एकोणिसाव्या फेरीला निळी गाडी टायर बदलायला आत वळली, आणि पिवळ्या गाडीचे डाव आखणाऱ्या तिच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली.

इतक्या लवकर कुणीच आत येणार नव्हतं. पन्नास फेऱ्यांची शर्यत. नियमाप्रमाणे एकदा तरी आत यावंच लागे, पण सगळ्यांचा अंदाज पंचविसाव्या फेरीचा होता. तिचाही तोच. मात्र निळ्या गाडीचे डाव मास्तर आखायचे, आणि मास्तर उगीच काही करत नसत.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नव्या टायरांवर मास्तरांची गाडी आता सुसाट सुटणार, बाकीचे झिजलेल्या टायरांवर रखडणार, आणि ते आत जाऊन बाहेर येईपर्यंत निळी कुठल्या कुठे गेलेली असणार. तिने माइक तोंडाशी ओढला आणि आपल्या ड्रायव्हरला पुढच्याच फेरीला आत बोलावलं. त्याला सगळे भिंगरी म्हणत. मेकॅनिकांनी चारही चाकं बघता बघता बदलली. तरीही पिवळी गाडी बाहेर पडली ती निळीच्या तीन सेकंद मागे.

"काय माणूस आहे," ती पुटपुटली. त्यात राग नव्हता.

सहा वर्षं ती मास्तरांच्या हाताखाली होती. वळणावर गाडी किती बाहेर सरकते यावरून टायर किती उरलाय ते ओळखणं, ढगांकडे बघण्याआधी वाऱ्याकडे बघणं, सगळं त्यांचंच. तीन वर्षांपूर्वी तिने पिवळ्या गाडीवाल्यांची नोकरी धरली, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, की आकडे तुला वाचता येतात, माणसं वाचायला अजून वेळ आहे. ते तिच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर दोघांचं बोलणंच बंद झालं. आणि या तीन वर्षांत तिने त्यांना एकदाही हरवलं नव्हतं. मालकांनी आज सकाळी अगदी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं, की पुढच्या मोसमात तिच्या जागी दुसरं कुणी बघावं म्हणतोय.

ती बसली होती त्याच रांगेत मास्तरांचा बाक उजवीकडे चौथा होता. तिने तिकडे मान वळवली नाही. समोरच्याचं तोंड बघायचं नाही, गाडी बघायची, हेही त्यांनीच शिकवलेलं.

अडतिसाव्या फेरीला थेंब पडू लागले. पाठीमागे जाळीपलीकडे प्रेक्षकांत छत्र्या उघडल्या. आणि पहिल्या थेंबाबरोबर निळी गाडी पुन्हा आत.

झालं. मास्तरांना पाऊस कळला म्हटल्यावर बाकीच्यांना धीर कसला निघतोय. एकामागोमाग एक सगळ्या गाड्या आत शिरल्या आणि पावसाचे टायर चढवून बाहेर पडल्या. मालक तिच्या कानाशी येऊन ओरडू लागले, की सगळं जग आत गेलं, तू कुणाची वाट बघतेस?

ती पडद्याकडे बघत होती. निळ्या गाडीला लावलेले टायर पावसाचे नव्हतेच. साधे होते, कोरड्या रस्त्याचे.

एका गाडीने नुसती हूल दिली आणि सगळी शर्यत त्या हुलीला भुलली. पाऊस टिकणार नाही हे मास्तरांना ठाऊक होतं. दोन फेऱ्यांत रस्ता सुकेल, बाकीच्यांचे टायर भाजून निघतील, आणि ते नव्या साध्या टायरांवर निवांत पुढे जातील. असा डाव तिला सात जन्मांत सुचला नसता.

पण मग त्यांनी तिचाही विचार केलाच असणार. पोरीच्या लक्षात येईल, ती आपली नक्कल करेल आणि पुन्हा तीन सेकंद मागेच बाहेर पडेल. म्हणजे जे त्यांनी कधीच शिकवलं नाही, तेच करायला हवं होतं.

"भिंगरी, आत यायचं नाही," ती म्हणाली. "शेवटपर्यंत याच टायरांवर."

मग त्याने विचारलं, की ताई, अजून बारा फेऱ्या आहेत, माहितीये ना? तिने हो म्हटलं. टायर पंचवीस फेऱ्यांचे होते, त्यांच्याकडून तीस काढायच्या होत्या. ओल्या रस्त्यावर त्याच्या जिवाशी खेळ होता, आणि हे दोघांनाही कळत होतं.

"मास्तरांना वाटतंय तू येशील," ती म्हणाली.

"मग नाही येत," तो म्हणाला.

पाऊस तीन फेऱ्यांत थांबला. भिंगरीने गाडी अक्षरशः तळहातावर धरल्यासारखी आणली. निळी गाडी दर फेरीला दोन सेकंदांनी जवळ येत होती. शेवटच्या वळणावर ती पिवळीला जवळजवळ चिकटली होती. रेषा ओलांडली तेव्हा पिवळी अर्ध्या गाडीने पुढे होती.

मालकांनी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने हेडफोन काढला, आणि त्या गदारोळात तिला एकच वाटत होतं: मास्तरांकडे जायचं, वाकून नमस्कार करायचा आणि सांगायचं, की जिंकले मी, पण आजचा खेळ तुमचा होता.

चौथा बाक रिकामा होता. जवळ त्यांचा जुना मेकॅनिक हात पुसत उभा होता. तिने विचारलं, मास्तर कुठायत?

"अगं, आमचा रेडिओ पाचव्या फेरीलाच मेला," तो म्हणाला. "रस्त्याकडेला पाटी दाखवावी तर आमचं ड्रायव्हर ध्यान तिकडे बघेल तर शपथ. मनाला येईल तेव्हा आत यायचा, आणि आम्ही हाताला लागतील ती चाकं लावायचो."

"आणि मास्तर?"

"ते तेव्हाच उठले. इथे बसून काय करू म्हणाले, त्यापेक्षा पोरीचं काम बघतो. दीड तास तुझ्या पाठीमागे जाळीला धरून उभे होते, तुला दिसले नाहीत?"