चौकातलं अभिनंदन
पुण्याजवळच्या सूसमधल्या तीन इमारतींचा वारस रणजित स्वखर्चाने पीएचडी करत होता. गेल्या वर्षी त्याच्याच विभागातल्या, वडिलांच्या भाडेकरू असलेल्या उत्कर्षाने सरकारी फेलोशिप मिळाल्याचा पेढा दिला, तो रणजितच्या घशात अजून अडकलेला होता. “जळतोस कशाला?” वडील म्हणाले. “सरकारच्या दुप्पट मी देतो!” “आप्पा, पैशाचं नाय. निवड व्हावी लागते.” “मग केली तुझी निवड. झालं?” दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स झळकला: गॉगल लावलेला रणजित, खाली ‘वडिलांची फेलोशिप मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ फ्लेक्स उतरवायला रणजित शिडी घेऊन धावला, तर खाली उत्कर्षा उभी. ही आता विभागभर सांगणार! ती मात्र मजकुराकडे दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी बघत होती. “माझी फेलोशिप सहा महिने आलीच नाही,” ती म्हणाली. “तुझी वेळेवर येते का रे?” रणजितने शिडी परत नेली.