स्वभावाला औषध

जानकीने प्रीतमच्या वाटीतल्या सोलकढीत आठ थेंब मोजून टाकले, चमच्याने ढवळलं आणि औषधाची बाटली पुन्हा मिठाच्या बरणीमागे सारली.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. कुडाळच्या डॉक्टरांनीही जवळपास तेच सांगितलं होतं. तोंडवलीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना होडीतून फिरवणाऱ्या प्रीतमने एका गिऱ्हाइकाला वल्हं हाणलं, तेव्हा बाकीच्या होडीवाल्यांनीच त्याला बळेबळे त्यांच्याकडे नेलं. हे वेड नव्हे, डॉक्टर म्हणाले, स्वभावाचा विकार आहे. औषधाने माणूस बदलणार नाही, अंगावर धावून जाणं कदाचित कमी होईल. मात्र ते त्याने समजून-उमजून घ्यायचं आणि महिन्याने दाखवायला यायचं.

घरी येताच प्रीतमने बाटली माडाच्या आळ्यात भिरकावली. जानकीने ती उचलून पदराआड लपवली.

नवऱ्याला चोरून औषध देणं बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण तिची बारा वर्षांची रिया दोन वर्षं वैभववाडीला मावशीकडे राहत होती. बापाने रागात फेकलेला पाट कपाळाला लागला, त्या दिवसापासून. घर शांत झालं की धाडते, असं मावशी दर फोनला सांगायची. लेकीवाचून जानकीचा जीव तुटायचा.

पहिल्या दिवशी एक घोट घेऊन प्रीतमने तोंड वाकडं केलं. "कढी कडू कित्याक लागता?"

"आमसुलां जुनी आसत," जानकी म्हणाली.

त्यानंतर त्याने कधी तक्रार केली नाही. ती पाणी घेऊन येईपर्यंत वाटी रिकामी असायची. त्याचं झालं की त्याच्याच ताटात ती जेवायला बसे, ही सासूने घालून दिलेली रीत. कढी मात्र रोज उरायची. अन्न टाकायचं नाही, म्हणून टोपातली सगळी तीच पिऊन टाकी.

महिन्याभरात घर निवलं. पूर्वी प्रीतमची चप्पल अंगणात वाजली तरी जानकी धडपडून उठायची, ती आता बसल्या जागी राहू लागली. दुपारी तिला गाढ झोप लागू लागली. हात जरा थरथरत, पण चाळिशी उलटल्यावर कुरकुर कोणाला नसते? शेजारची किशोरी तर कुंपणापाशी येऊन म्हणाली, "जानके, तुझ्याकडसून आता रडणा आयकाक येना नाय गो. देव पावलो."

जानकीने त्याच दिवशी बहिणीला फोन लावला.

रिया शनिवारी आली. दोन वर्षांनी लेक दारात उभी राहिली, तरी जानकीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिचं तिलाच थोडं नवल वाटलं. प्रीतम मुकाट्याने जेवला, हात धुतला आणि होडीकडे निघून गेला.

"बघलंस?" जानकी म्हणाली. "एक शब्द बोलाक नाय. आता हयच रव."

रिया टोपाकडे बघत होती. "आये, बाबांका कढी आवडना नाय?"

"कित्याक गो?"

"तू पाणी हाडूक गेलंस आणि तेंनी वाटी टोपात परत ओतल्यानी."

टोपातली कढी वाटीत ओतून घेणारा जानकीचा हात थांबला. तेवढ्यात दंडावरचा पदर सरकला. रियाने तो हात धरला. खांद्यापासून कोपरापर्यंत काळानिळा पडला होता.

"ह्यां कधी झालां?"

"काल. तांब्यो फेकून मारल्यानी," जानकी म्हणाली. "पण आता माका रडाक येना नाय."