साखर वितळत असताना

“कॅरमेल गॅसवर असलं की मागे वळायचं नाही. दार वाजू दे, फोन वाजू दे, खुद्द मी हाक मारली तरी वळायचं नाही. साखर कुणासाठी थांबत नाही, कळलं?”

सासूबाई ओट्याला टेकून असं सांगायच्या. आता त्या नव्हत्या, पण हाक येत होती.

परवा आली तेव्हा सुनेने चटकन वळून पाहिलं होतं. दारात कुणी नव्हतं, आणि तेवढ्यात साखर काळी पडली. काल पुन्हा तेच. कालचं पातेलं अजून सिंकमध्ये भिजत होतं. घरातला करपट वास काही केल्या जात नव्हता.

आज करपून चालणार नव्हतं. दवाखान्यात सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर एक शिंपीणबाई होत्या. त्यांना भेटायला कुणी येत नसे. सासूबाईंनी सुनेच्या देखत त्यांना शब्द दिला होता, “घरी गेले की चॉकलेट, कॅरमेल आणि अक्रोडाच्या कुकीज पाठवते तुम्हाला. अशा हलक्या करते बघा, की डॉक्टरांना नाही म्हणायला जागाच राहू नये.” सासूबाई घरी आल्याच नाहीत. आणि शिंपीणबाईंचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. मोठं होतं, डॉक्टरही फारसं बोलत नव्हते. जे काही पोचवायचं ते आज संध्याकाळी, भेटीच्या वेळेत.

कुकीज ओव्हनमधून बाहेर आल्या होत्या. लोणी निम्मंच, बाकीच्याच्या जागी शिजवलेल्या सफरचंदाचा गर. ओट्सचं पीठ, कडू चॉकलेटचा कीस. अक्रोड मूठभरच, पण भाजून इतके बारीक चिरलेले की प्रत्येक घासाला दाताखाली यावेत. प्रत्येकीच्या मधोमध अंगठ्याने पाडलेला खळगा कॅरमेलची वाट बघत होता.

“आज तरी घर पेटवू नकोस, सूनबाई,” बाहेरच्या खोलीतून सासरे म्हणाले. “काल शेजारी बादली घेऊन धावत आले होते.”

“नाही, बाबा.”

“आणि मला चाखायला सांगू नकोस. ना धड लोणी, ना धड साखर. हे बिस्किट आहे की डॉक्टरची चिठ्ठी? तिलासुद्धा मी हेच...”

सासूबाई गेल्यापासून दवाखान्याच्या रस्त्याला ते पाऊल टाकत नव्हते. बँकेत जायचं तरी लांबचा वळसा घालून जात.

तिने पातेल्यात साखर पसरली आणि आच मंद केली. मनातल्या मनात क्षणभर हात जोडले. साखर कडेने विरघळू लागली, मधासारखी झाली.

“अगं, इकडे बघ ना.”

तोच आवाज. शेवटचा स्वर जरासा ओढलेला. अगदी पाठीशी. मानेवर ऊन ऊन काहीतरी आलं. ओव्हनची धग असेल. तिने चमचा घट्ट धरला.

“अगं, एकदा बघ ना माझ्याकडे.”

या वेळी आवाजात विनवणी होती. सासूबाईंनी जन्मात कुणाला विनवलं नव्हतं. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. सुनेच्या डोळ्यांना धार लागली, पातेलं धूसर दिसू लागलं. बाहीने डोळे पुसून तिने नजर साखरेवरच ठेवली.

“ऐकलं, आई,” ती हळूच म्हणाली. “पण वळत नाही मी. तुम्हीच सांगितलंय ना?”

मागे सगळं निवांत झालं.

साखर तांबूस झाली, तशी तिने कोमट दूध ओतलं. पातेलं फसफसून काठापर्यंत आलं आणि शहाण्यासारखं खाली बसलं. तिने गॅस बंद केला. हात न थांबवता चमच्याचमच्याने सगळे खळगे भरले.

“कुणाशी बोलत होतीस?” सासरे आता दारात उभे होते.

तिने रिकामं पातेलं सिंकमध्ये ठेवलं. ते पुढे आले, एक कुकी उचलून कानाशी नेली आणि मोडली. कट्. अशीच ते पूर्वी मोडायचे, बायकोला चिडवायला. तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिले.

“गोड कमी आहे,” ते म्हणाले. मग हळूच, “तिच्यासारखंच.”

वरच्या फळीवरचा सासूबाईंचा डबा त्यांनीच काढला. कागद घातला, कुकीज एकेक करून मांडल्या.

“भेटायची वेळ कधीपर्यंत असते तिथे?”

“सहापर्यंत. मी जाते ना, बाबा. तुम्ही नका...”

“तू तुझं केलंस. कुठल्या खाटेवर आहेत त्या?”

“आईंच्या शेजारच्या. खिडकीकडच्या.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “उगाच विचारलं.”

त्यांनी चपला घातल्या. काठोकाठ भरलेलं काही सांडू नये, तसा डबा दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश जिना उतरू लागले. खालच्या वळणावर क्षणभर थांबले. मग दवाखान्याच्या रस्त्याला लागले.

ती स्वयंपाकघरात परत आली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. गॅस बंद होता. आता हाक आली असती, तर वळता आलं असतं.