नानांचं सोयाबीन

नानांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "नुसत्या वरणभातावर हे उभे राहायचे नाहीत. मोड आलेली कडधान्यं द्या, चालत असेल तर चिकन द्या." चिकनचं नाव निघताच नाना कडाडले, "आमच्या घराण्यात कुणी शिवलंसुद्धा नाही त्याला!"

सून मेघना काळाचौकीच्या मालवणी घरातली. लग्न करून माटुंग्याला आली, तेव्हापासून नाना तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. शेवटी सासूबाईंनीच तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजल्या, "मुगाच्या उसळीत बारीक करून घाल गं. सोयाबीन म्हणून सांगू. पाप माझ्या डोक्यावर."

मेघना रोज चिकन उकडून, कुटून उसळीत मिसळायला लागली. नाना मुकाट्याने जेवायचे, वाटी चाटूनपुसून साफ करायचे. महिन्याभरात काठी टेकत ते स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा दोघींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.



नाना म्हणाले, "सूनबाई, रोज कुटायचे कष्ट नको घेऊस. उद्या सोयाबीनचा लेगपीस अख्खाच वाढ."